चक्कर आली म्हणजे नेमकं काय झालं?

दवाखान्यात खुर्चीत बसता बसता पेशंट म्हणतो, "डॉक्टर, चक्कर येते हो." पंचवीसेक वर्षं हे वाक्य ऐकतोय, तरी दर वेळी मी लिहायचं थांबतो आणि विचारतो, "म्हणजे नेमकं काय होतं?" कारण मराठीत 'चक्कर' या एका शब्दात निदान चार निरनिराळी दुखणी मावतात. कुणी कुशीवर वळलं की त्याला छत गरगरताना दिसतं. ही घेरी, आणि ती बहुतेक वेळा कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, त्याच्या बिघाडातून येते. कुणाचं डोकं अगदी स्वच्छ असतं, पण चालताना पाय भलतीकडे पडतात. कुणाला नुसतं गळून गेल्यासारखं होतं, तोही त्याला चक्करच म्हणतो. आणि चौथ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हातापायांतलं बळ जातं, तो खाली कोसळतो, थोडा वेळ शुद्ध हरपते आणि मग आपोआप परत येते. ही भोवळ. जुनी माणसं हिला झीट म्हणायची.

हा लेख या चौथ्या प्रकाराबद्दल आहे. त्यातही ज्या घरात कुणाला आधीपासून रक्तदाब, मधुमेह, हृदयाचं किंवा प्रोस्टेटचं दुखणं आहे आणि रोजच्या गोळ्यांचा डबा टेबलावर असतो, त्या घरातल्या माणसांशी मला बोलायचं आहे.

भोवळ येते ती मेंदूला रक्त कमी पडल्यामुळे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला जवळजवळ १५ टक्के वाटा त्याला लागतो, आणि अडीअडचणीसाठी साठा म्हणून त्याच्याकडे काहीही नसतं. सहा ते आठ सेकंद रक्त पोचलं नाही तरी शुद्ध जाते. आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पोटात आणि पायांत उतरतं. ते वर ढकलण्यासाठी रक्तवाहिन्या लगेच आकसतात, हृदय थोडं जोरात धावतं, आणि आपल्याला काही कळतही नाही. ही व्यवस्था कधी घाबरल्यामुळे किंवा वेदनेमुळे क्षणभर उलटीच वागते. कधी वयानं, मधुमेहानं, औषधांनी किंवा अंगातलं पाणी कमी झाल्यानं ती दुबळी पडते. आणि कधी हृदयाचंच काही चुकतं. या तीन वाटांपैकी कुठल्या वाटेनं माणूस जमिनीवर आला, हे शोधणं म्हणजे निदान.

जमिनीवर आडवं होणं हाच शरीरानं स्वतःपुरता केलेला उपचार असतो. डोकं आणि हृदय एका पातळीत आलं की रक्त मेंदूपर्यंत सहज पोचतं. आणि नेमका हाच उपचार आपण मोडून काढतो.

माणूस कोसळला की भोवती गर्दी जमते आणि जो तो त्याला उठवून बसवायला धावतो. दोघं बखोटीला धरतात, एक जण पाठीला गुडघा लावतो, कुणीतरी तोंडात पाण्याची धार सोडतो. कांदा येतो, चप्पल हुंगवली जाते, मुठीत किल्ल्या कोंबल्या जातात. सगळ्यांच्या मनात कळवळाच असतो, यात शंका नाही. पण बसतं धरून ठेवलेल्या माणसाच्या मेंदूला रक्त मिळत नाही. मग तो लवकर शुद्धीवर येत नाही, त्याचे हातपाय झटके देऊ लागतात, आणि गर्दीतून आवाज येतो, "फीट आली!" तोंडात ओतलेलं पाणी बेशुद्धीत श्वासनलिकेत जाऊ शकतं. सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे शुद्धीवर नसलेल्या माणसाला दोघांच्या मध्ये बसवून रिक्षानं किंवा मोटरसायकलवरून नेणं. या एका कारणासाठी मी लोकांना अक्षरशः हात जोडून सांगतो, झोपवा, बसवू नका.

उताणं झोपवा. पाय एखाद्या स्टुलावर, पिशवीवर किंवा आपल्या मांडीवर घेऊन साधारण फूटभर उंच करा. गळ्याचं बटण, पट्टा, साडीची घट्ट गाठ सैल करा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. गरोदर बाई असेल तर तिला डाव्या कुशीवर घ्या. दातांमध्ये चमचा, बोट, कापड, काहीही घालू नका. हे करत असतानाच छातीकडे बघा, श्वास चालू आहे ना? साध्या भोवळीत माणूस मिनिटभरात, फार तर दोन मिनिटांत डोळे उघडतो. हाक मारूनही तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास थांबलेला असेल किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर ही भोवळ नव्हे, हृदय थांबलं आहे. एकानं १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं त्याच क्षणी छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. इथे बघ्यांची संख्या कितीही असो, हात लावणारा एकच पुरतो.

शुद्ध आल्यावर लगेच उठवण्याची घाई नको. दहापंधरा मिनिटं झोपू दे, मग बसू दे, आणि बसून बरं वाटलं तरच उभं करा. पुष्कळ जण दुसऱ्यांदा पडतात ते "आता बरा आहे मी" म्हणत झटकन उठताना.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. भोवळीचं कारण शोधायला रक्ततपासण्या आणि फोटो जेवढे उपयोगी पडतात, त्याच्या कितीतरी पट उपयोगी पडतो तो प्रत्यक्ष पाहणारा माणूस. पडणाऱ्याला स्वतःला धड काही आठवत नाही. वयस्कर माणसं तर शुद्ध गेली होती हेच विसरतात आणि "पाय घसरला असेल" म्हणून मोकळी होतात.

मध्यंतरी एका निवृत्त शिक्षकांना त्यांचा मुलगा घेऊन आला. वय ७२. प्लास्टिकच्या पिशवीत मेंदूचा एमआरआय, मेंदूचा आलेख, मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी, सगळं नॉर्मल. गुरुजी तीन वेळा पडले होते आणि तिसऱ्या वेळी भुवईवर टाके पडले होते. कारण मात्र सापडत नव्हतं. त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. त्यांना आत बोलावून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तिन्ही वेळा पहाटेच पडलेत. लघवीला उठून जातात ना, तेव्हा. आणि ती नवी गोळी सुरू झाल्यापासूनच हे चाललंय." नवी गोळी प्रोस्टेटची होती, आधीच्या दोन रक्तदाबाच्या. पाच मिनिटं उताणं झोपवून रक्तदाब घेतला तर वरचा १४४. उभं करून तिसऱ्या मिनिटाला १०८. एवढा खर्च करून जे सापडलं नव्हतं, ते दहा मिनिटांत आणि रक्तदाबाच्या एका यंत्रात सापडलं. त्या बाईंना तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून कुणी पडलं तर जवळच्या माणसानं पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, जमल्यास त्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवाव्यात. पडण्याआधी तो उभा होता, बसला होता की आडवा? काय करत होता? शेवटचं जेवण आणि शेवटची गोळी कधी घेतली होती? आधी घाम, मळमळ, जांभया, डोळ्यांपुढे अंधारी, कानात गुंई असं काही म्हणाला का, की बोलता बोलता एकदम कोसळला? चेहरा पांढराफटक होता की निळसर? किती वेळ शुद्ध नव्हती? या शेवटच्या प्रश्नाला जरा जपून उत्तर द्या. घाबरलेल्या माणसाला अर्धं मिनिटसुद्धा पाच मिनिटांसारखं वाटतं. जवळ दोघं असतील तर एकानं पेशंट सांभाळावा आणि दुसऱ्यानं मोबाइलवर चित्रण करावं. ते नीट दिसलं नाही असं वाटलं तरी डॉक्टरांना त्या वीस सेकंदांतून पुष्कळ कळतं.

विशेषतः फीट आणि भोवळ वेगळी काढायला त्याचा फार उपयोग होतो. साध्या भोवळीतही हातपाय चारदोन झटके देतात, पण ते माणूस सैल होऊन पडल्यानंतर, आणि पंधराएक सेकंदांत थांबतात. शुद्ध आली की तो आजूबाजूच्यांना ओळखतो, "मी पडलो का?" असं विचारतो. फिटमध्ये माणूस बहुधा ताठ होऊन पडतो, झटके लयीत आणि मिनिटभर किंवा जास्त चालतात, जीभ कडेला चावली जाते, आणि नंतर बराच वेळ तो गोंधळलेला राहतो किंवा गाढ झोपतो. कपड्यात लघवी होणं मात्र दोन्हीत घडू शकतं, त्यावरून काही ठरवू नये. शाळेत प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभं राहून भोवळ आलेल्या एका मुलीला चार वर्षं फिटच्या गोळ्या चालू असलेलं मी पाहिलं आहे. तिला कुणीतरी धरून उभं ठेवलं होतं आणि हातपाय झटकले होते, एवढंच. त्या चार वर्षांत त्या घरानं काय सोसलं असेल, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

आता गोळ्यांच्या डब्याकडे वळू. आजारी माणसाच्या भोवळीचं मूळ त्या डब्यात असण्याची शक्यता मोठी असते. रक्तदाबाच्या गोळ्या, त्यातही लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिनसारखी औषधं, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, पार्किन्सनची औषधं, नैराश्यावरची काही औषधं, हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या. एकेकटी गोळी योग्यच असते. पण तीन डॉक्टरांनी तीन चिठ्ठ्यांवर लिहिलेली औषधं एकाच पोटात जातात, आणि ती एकत्र कुणी पाहिलेली नसतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठ्यांऐवजी सगळा डबाच घेऊन जा, त्यात आयुर्वेदिक, दुकानातून आणलेलं आणि शेजाऱ्यानं दिलेलंही असू द्या. जिभेखालची गोळी उभ्यानं घेऊ नका, बसून घ्या. आणि ज्यांना नायट्रेट प्रकारातली ही औषधं चालू आहेत, त्यांनी लैंगिक ताकदीसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांना हात लावू नये. रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. संकोचापोटी लोक हे डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगा. आणि एक उलटी चूकही होते: पडण्याच्या भीतीनं रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्या स्वतःच बंद करणं. मात्रा, वेळ, जोडी बदलता येते. ते डॉक्टरांकडून करून घ्यावं.

घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर गुरुजींची तपासणी तुम्हीही करू शकता. पाच मिनिटं उताणं झोपल्यावर एक नोंद, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला एकेक. शेजारी कुणीतरी आधाराला उभं हवंच. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं, किंवा त्याहून जास्त उतरला, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. वेगवेगळ्या वेळी, विशेषतः सकाळी उठल्यावर आणि गोळी घेतल्यानंतर तासादोन तासांनी, घेतलेल्या नोंदी जास्त बोलक्या असतात.

मधुमेहींच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. साखर उतरल्यामुळे जाणारी शुद्ध हळूहळू जाते. आधी थरथर, घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणं. आणि नुसतं झोपवून ती परत येत नाही. यंत्रावर साखर ७० च्या खाली दिसली आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. जुन्या मधुमेहात उभं राहिल्यावर रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही दुबळ्या होतात, त्यामुळे साखर उत्तम असूनही भोवळ येऊ शकते.

काही भोवळी मात्र त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्याव्या लागतात. कसलीही पूर्वसूचना नसताना, बसल्या जागी किंवा झोपलेल्या अवस्थेत शुद्ध जाणं. जिना चढताना, धावताना, ओझं उचलताना पडणं. यामागे हृदयाची अरुंद झालेली झडप किंवा जाड झालेला स्नायू असू शकतो. आधी छातीत धडधड किंवा दुखणं. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, हृदयाचं पंपिंग कमी, पेसमेकर बसवलेला. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं. यांपैकी काहीही असेल तर "लिंबूसरबत घे, बरं वाटेल" म्हणत घरी थांबू नये. ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात काढल्यावर दम लागून भोवळ आली, एक पाय सुजला असेल, तर फुप्फुसात रक्ताची गाठ गेलेली असू शकते. शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, आणि सांधेदुखीच्या गोळ्या चालू असतील, तर पोटात रक्तस्राव होत असेल. मासिक पाळी चुकलेल्या बाईला ओटीपोटात दुखून भोवळ आली तर गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत वाढून ती फुटली असण्याची शक्यता असते. अशा वेळी तरुण सुना आणि मुली पाळीचं सांगायला लाजतात, आणि सासरची माणसं अशक्तपणा समजून झोपवून ठेवतात. इथे तासांचा प्रश्न असतो.

तपासण्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. भोवळ आलेल्या प्रत्येकाचा हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, झालाच पाहिजे, आणि झोपून-उभं राहून रक्तदाबही. गरजेप्रमाणे साखर, हिमोग्लोबिन, सोडियम. हृदयाचा संशय असेल तर टूडी इको आणि २४ तास किंवा जास्त दिवस अंगावर लावून ठेवायचं होल्टर यंत्र. काहींना टेबलावर झोपवून ते तिरपं उभं करायची टिल्ट तपासणी लागते. डोक्याला मार लागलेला नसेल, हातपाय लुळे पडणं किंवा बोबडं बोलणं नसेल, तर मेंदूच्या एमआरआयमधून भोवळीचं कारण क्वचितच निघतं. लोक मात्र सर्वांत आधी तोच करून येतात आणि चारपाचशे रुपयांचा ईसीजी राहून जातो.

सगळं तपासून हृदय ठीक निघालं, आणि भोवळ गर्दीत, उकाड्यात, रक्त पाहून, इंजेक्शनच्या वेळी किंवा फार वेळ उभं राहून येते असं दिसलं, तर घाबरण्याचं कारण नाही. तिची चाहूल ओळखायला शिकायचं. मळमळ, घाम, अंधारी जाणवली की तिथल्या तिथे खाली बसा, शक्य तर आडवे व्हा. लग्नाच्या मांडवात किंवा लोकलच्या डब्यात जमिनीवर बसायची लाज वाटते, ती बाजूला ठेवा. बसायला जागाच नसेल तर उभ्यानं पाय एकमेकांवर घट्ट आवळा, मांड्या आणि पोटाचे स्नायू ताणा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बाहेर ओढा. या ताणानं पायांतलं रक्त वर चढतं आणि बसायला जागा शोधण्याएवढा वेळ मिळतो. इंजेक्शन आणि रक्ततपासणी झोपूनच करून घ्या, आणि सुई टोचणाऱ्याला आधी सांगा.

उभं राहताना ज्यांचा रक्तदाब उतरतो, त्यांनी उठण्याचीच सवय बदलावी. जाग आल्यावर पडल्या पडल्या पावलं वरखाली करायची, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, मग पलंगाला धरून उभं राहायचं, आणि लगेच चालू पडायचं नाही. उठण्यापूर्वी दोन ग्लास पाणी पटापट प्यायलं तर रक्तदाब काही काळ टिकतो. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यात पाण्यावर बंधन असेल तर हे करू नये. मीठ वाढवण्याचा सल्लाही सरसकट घेऊ नका, तो ज्याचा त्याला डॉक्टरांनी द्यायचा असतो. भरपेट जेवणानंतर वयस्कर माणसांचा रक्तदाब उतरतो, म्हणून थोडं थोडं खावं आणि जेवल्यावर काही वेळ बसून राहावं. निर्जळी उपवास, वैशाखातलं ऊन, जुलाब-उलट्या, तापाचे दिवस, पायी वारी, या काळात लघवीच्या आणि साखरेच्या गोळ्यांचं काय करायचं हे आधीच विचारून ठेवा. कारण न कळलेली भोवळ आली असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवू नका, विहिरीवर, नदीत, शिडीवर जाऊ नका. ज्यांचं पोट ड्रायव्हिंगवर आहे त्यांना हे सांगणं मला फार जड जातं, तरी सांगतो.

पेशंट रुग्णालयात असेल तर ऑपरेशननंतर, डायलिसिसनंतर किंवा लांबलेल्या तापानंतर तो पहिल्यांदा उठेल तेव्हा नर्सना बोलवा. "मी जाऊन येतो पटकन" म्हणणाऱ्या पेशंटला एकटं सोडू नका.

शेवटी न्हाणीघर आणि संडास. घरातली बरीच पडापड तिथेच होते. कढत पाण्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात, उकिडवं बसून उठताना रक्तदाब कोसळतो, शौचाला कुंथताना आणि रात्री उभ्यानं लघवी करताना भोवळ येते. म्हणून पुरुषांनीही रात्री बसूनच लघवी करावी, भिंतीला उठायला मूठ बसवून घ्यावी, वाटेत दिवा असावा, पाणी कोमट असावं. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो आजच्या आज बाहेर हलवा आणि खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि धडधाकट माणूसही अंघोळ करता करता कोसळतो. असा माणूस सापडला तर दार तोडा, श्वास रोखून आत जा, त्याला आधी उघड्या हवेत ओढा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. पाय वर करण्याचं नंतर बघू. आणि ज्यांना एकदा भोवळ येऊन गेली आहे, त्यांनी आत गेल्यावर कडी लावू नये. दार नुसतं लोटून घ्यावं आणि घरातल्या कुणाला तरी सांगून जावं.